नारूअण्णांची उंच गाडी

हुबळीत नारूअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या कापडाच्या दुकानात, धुतलेल्या पांढऱ्या गादीवर बसून, पितळी वाटीत चिखल कालवत होते. समोर एक गिऱ्हाईक धोतरजोडीसाठी ताटकळलं होतं. अण्णांनी त्या चिखलात दोऱ्याचं रिकामं रीळ ठेवलं आणि बोटाने हळूच पुढे ढकललं. रीळ जेमतेम फिरलं आणि रुतून बसलं. "नवलगुंदकडची माती बघा ही," ते कौतुकाने म्हणाले, "एकदा पाणी प्याली की कुणाला सोडत नाही." त्यावर गिऱ्हाईक म्हणालं की आमची माती आम्ही जन्मापासून बघतोय, तुम्ही धोतर दाखवा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. भूगोलाचा मास्तर म्हणून हुबळीच्या एका शाळेत लागलो आणि अण्णांच्या दुकानावरच्या माडीत भाड्याने राहू लागलो. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मोटारीबद्दल मला तेव्हाही प्रेम नव्हतं, आजही नाही. धूर, धूळ आणि आवाज यांसाठी माणसाने पदरमोड का करावी हे मला कधी उमगलं नाही. तरीही अण्णांच्या मोटारीत मी बसलो, आणि बसलो ते बरं झालं असं आता वाटतं.

अण्णांच्या दुकानाच्या खिडकीत बिस्किटांचे जुने डबे ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात वेगळ्या गावची माती. बाजाराला येणारी खेडुत मंडळी दुसऱ्या दुकानदाराला मुगाच्या शेंगा आणत, अण्णांना ढेकूळ. काही बेरकी लोक हुबळीच्याच रस्त्याकडेचं ढेकूळ उचलून 'आमच्या गावचं आहे' म्हणून देत आणि अण्णा ते भक्तिभावाने डब्यात ठेवत. मातीची त्यांना पारख होती असं म्हणवत नाही, पण ओढ होती. दुपारी दुकानात कुणी नसलं की ते डब्यांवर पाणी शिंपडत, आणि ओल्या मातीचा वास जिन्याने माझ्या माडीपर्यंत चढून येई.

कापड मोजता मोजता त्यांची तंद्री लागायची. विशेषतः आभाळ भरून आलं की हातातला गज तसाच राहायचा आणि नजर दाराबाहेर, उत्तरेच्या ढगांवर. त्या तंद्रीत गिऱ्हाइकाला हातभर कापड जास्त जाई. पेठेतल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ढग जमले की त्या खण घ्यायला निघत. अण्णांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वैनी म्हणत असू, आतून कुरकुरत. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं: "इरली." कानडीत 'असू दे.' उंदरांनी जरीकाठी लुगडं कुरतडलं तरी इरली, पावसाचं पाणी दुकानात शिरलं तरी इरली. वैनी म्हणत, यांचं हे इरली ऐकूनच उंदरांनी इथे बिऱ्हाड केलं.

एकाच बाबतीत अण्णा इरली म्हणत नसत, आणि ती बाब म्हणजे गोदक्का.

गोदक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अण्णांना तिनेच वाढवलं. कडेवर घेऊन पाणी भरलं, कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या. मग तिचं लग्न झालं ते कडलेकोप्पच्या जमीनदार घरात, सरळ गेलं तर एका दिवसाच्या वाटेवर. पण पावसाळ्यात ती वाट नाहीशी होते. हुबळीच्या उत्तरेला पाऊस पडला की काळी माती फुगते, बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत जातात, गाडीच्या चाकावर माती थरावर थर चढते आणि चाक फिरायचंच थांबतं. मधला हळ्ळ, म्हणजे ओढा, वेगळाच. आणि सासरी गोदक्काला माहेरची रजा मिळे ती फक्त श्रावणात, नागपंचमीला.

त्या भागात पंचमी म्हणजे सणांचा राजा. भाऊ जाऊन बहिणीला घेऊन येतो, घरात झोका बांधतात, तिळाच्या, शेंगदाण्याच्या, फुटाण्यांच्या उंड्या, म्हणजे लाडू, वळतात. भावानेच यायला हवं, गडी पाठवून चालत नाही. आणि कडलेकोप्पच्या त्या घरात शब्द चाले तो गोदक्काच्या सासऱ्यांचा, तात्यांचा. तात्या ऐंशीच्या घरातले, रीत म्हणजे रीत. त्यांनी सुनेला कधी वाईट वागवलं नाही, पण रीत मोडून कधी पाठवलंही नाही.

मी राहायला आलो त्या श्रावणातही अण्णा बैलगाडी घेऊन गेले होते. गाडी हळ्ळाच्या अलीकडे रुतली. बैल सोडले, अण्णा चालत निघाले, पण पाण्याला ओढ होती. पलीकडे गोदक्का डोक्यावर घोंगडी घेऊन उभी होती. दोघांनी एकमेकांना खूप वेळ पाहिलं, बोललेलं ऐकू जात नव्हतं. शेवटी तिनेच हात हलवून परत जा म्हटलं. अण्णा उंड्यांचा डबा घेऊन तसेच परतले. घरात झोका बांधलेला होता, त्यावर कुणी बसलं नाही. असं आधीही कितीतरी वर्षं झालं होतं, वैनींनी मला सांगितलं. आणि त्या दिवाळीनंतर कडलेकोप्पचा एक विणकर बाजाराला आला, त्याच्या तोंडी गोदक्काने निरोप धाडला होता: "नारूला सांग, येत्या पंचमीला पोचलास तर पोचलास. नाही जमलं तर पुढल्या वर्षापासून येतो म्हणून कळवू नकोस. वाट बघायला आता अंगात जोर राहिला नाही."

अण्णांनी निरोप ऐकला आणि त्या दिवशी दुकान बंद केलं. संध्याकाळी माडीवर येऊन ते मला म्हणाले, "मास्तर, ती रागावली असती तर बरं होतं. ती थकली हो." आणि माझ्या कॉटवर बसून लहान मुलासारखे रडले.

लष्कराचं जुनं सामान तेव्हा लिलावात निघत होतं. अण्णांनी एक जीप आणली. ती कशाच्या बदल्यात आणली हे वैनींनी मला पुष्कळदा सांगितलं आहे, पण ते इथे नको. जीप चांगली होती, पण अण्णांचा तिच्यावर विश्वास बसेना. वाटीतल्या चिखलात त्यांनी बारीक रीळ आणि जाड रीळ दोन्ही फिरवून पाहिली होती आणि जाड रीळ जास्त लांब गेलं होतं. म्हणून त्यांनी त्याच लिलावातून एका मोठ्या लष्करी गाडीचे टायर मिळवले. आतलं भोक जीपच्या टायरएवढंच, पण अंगाने दीडपट. हुसेनसाब मिस्त्रींनी ते चढवले. चढवताना त्यांनी बजावलं होतं की अण्णा, चाक वळवाल तेव्हा पंचाईत होईल. अण्णा म्हणाले, इरली.

पंचाईत भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर झाली. अण्णांनी गाडी वळवायला घेतली आणि पुढचे दोन्ही टायर चाकांवरच्या पत्र्याच्या पंखांना जाऊन घासले. रबर जळल्याचा वास सुटला, गाडी गल्लीत आडवी अडकली, दोन्ही बाजूंना टांगे खोळंबले. भाजीवाल्या कानडीत त्यांच्या पूर्वजांची विचारपूस करू लागल्या. अण्णा चाक धरून शांत बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, आता काय?" ते म्हणाले, "सरळ तर जाते की, मास्तर. कडलेकोप्प सरळच आहे."

मग हुसेनसाबनी जीप उंच केली. तिच्या स्प्रिंगा आखाच्या खालून जात होत्या, त्या त्यांनी सोडवून आखाच्या वर बसवल्या, आणि त्याबरोबर सगळी गाडीच वर उचलली गेली. हे सुचलं कुणाला यावरून दोघांत वाद होता. अण्णा म्हणत, बैलगाडी बघून मला सुचलं. हुसेनसाब म्हणत, अण्णा तेव्हा ढग बघत होते. काही असो, टायर आता मोकळे फिरू लागले. ब्रेक मात्र उशिरा लागे, आणि चाकं मोठी झाल्यामुळे वेगाचा काटा सावकाश चाललोय असं सांगत असताना टांग्यांचे घोडे मागे पडत. अण्णांना ते फार आवडलं. काट्याकडे बघून ते म्हणत, "खोटं बोलते, पण प्रेमाने बोलते."

गाडी तयार झाल्यावर वैनींना पहिला फेरफटका. नऊवारीत त्यांना वर चढता येईना, शेवटी आतून चौरंग आणावा लागला. वर बसल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं केलंत बघा. पण गोदक्कांचे गुडघे दुखतात, त्या कशा चढतील?" अण्णांनी टायरचा विचार केला होता, मातीचा केला होता, हळ्ळाच्या पाण्याचा केला होता. ज्या माणसासाठी हे सगळं, तो चढणार कसा हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.  मग हळूच म्हणाले, "मी उचलून बसवेन. तिने मला काय कमी वेळा उचललंय?"

श्रावण आला. शाळेला सुट्टी होती आणि अण्णांना एकट्याला जाऊ द्यायला वैनी तयार नव्हत्या, म्हणून मी बरोबर निघालो. आम्ही चतुर्थीलाच निघालो होतो, म्हणजे पंचमीच्या आधी गोदक्का घरी पोचावी. पण हळ्ळ दुथडी वाहत होता. अलीकडच्या मारुतीच्या देवळात मुक्काम करावा लागला. सकाळी पाणी उतरलं तेव्हा पंचमीचा दिवस उजाडला होता.

हळ्ळ आम्ही सहज ओलांडला. पाणी पायाखालून वाहत होतं आणि आम्ही त्याच्यावरून चाललो होतो, मला अगदी तरंगल्यासारखं वाटलं. पलीकडे अण्णांनी चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्या, पकड यावी म्हणून. समोर काळी जमीन पसरली होती, वर ऊन-पावसाचा खेळ, मुगाची शेतं चमकत होती, आणि दूर एका रेघेवर कडलेकोप्पची घरं. आवाज फक्त आमचाच. अण्णा गुणगुणत होते. मला वाटलं, हा माणूस हेच दृश्य आजवर दुकानात बसून बघत होता.

गाव हाकेच्या अंतरावर आलं आणि गाडी बसली. साखळ्यांनी मातीची ढेकळं उपटून मागे फेकली, चाकं आपल्याच खड्ड्यात उतरत गेली. जितका जोर द्यावा तितकी खाली. गावातली पाचसात माणसं धावत आली, त्यांनी ढकलून पाहिलं. गाडी हलली नाही. बैल लावा म्हणावं तर पंचमीला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

मी गाडीतलं फावडं काढलं आणि चाकापुढची माती ओढायला वाकलो. कुणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला. "मास्तर, ठेवा ते," अण्णा म्हणाले. मला समजेना. मग आठवलं की आज माती उकरत नाहीत, नांगर धरत नाहीत, घरात विळीसुद्धा उभी करत नाहीत. जमिनीखाली नाग असतो, त्याला लागू नये म्हणून. मी चिडलो. म्हटलं, "अण्णा, इतकी वर्षं, इतका खटाटोप, गाव समोर दिसतंय, आणि फावडं हातात असून...?" अण्णांनी फावडं माझ्या हातातून घेतलं आणि परत गाडीत ठेवलं. "तिच्या सणाच्या दिवशी तिच्या दारातली माती फोडून तिला कशी नेऊ?" ते म्हणाले.

बांधावरच्या लिंबाखाली तात्या उभे होते. ते शेत त्यांचंच होतं. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी उखडलेल्या मातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नारायणा, ती गाडी नव्हे, तो नांगर आहे. माझ्या शेतात आज नांगर चालणार नाही. गाडी उद्यापर्यंत तिथे राहील आणि सून घरात राहील." आवाजात राग नव्हता. त्यामुळेच पुढे बोलायची सोय राहिली नाही. उद्या म्हणजे पंचमी सरली, आणि गोदक्काचा निरोप तर पंचमीचा होता.

तेवढ्यात दूध-लाह्या घेऊन वारुळाकडे निघालेल्या बायकांची रांग बांधावरून आली. त्यातली एक उंच बाई थांबली. तिने हातातली वाटी दुसरीकडे दिली, वहाणा बांधावर काढून ठेवल्या, नऊवारी वर खोचली आणि ती सरळ चिखलातून आमच्याकडे चालू लागली. गुडघेदुखीमुळे सावकाश, पण न अडखळता. मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं ते पुढे धावतील. ते धावले नाहीत. ते तिच्या पायांकडे बघत होते. रुंद, फाटलेली पावलं ती पूर्ण पसरून टाकत होती, टाच रोवत नव्हती, आणि आम्ही ढोपरभर गेलो होतो त्या मातीत ती घोट्याच्या वर जात नव्हती.

गोदक्का जवळ आली. दोघांपैकी कुणीच नमस्कार-चमत्कार केला नाही. ती एवढंच म्हणाली, "आलास तू."

"पोचलो कुठे, अक्का?" अण्णा म्हणाले, "अजून दार दूर आहे." आणि ते चिखलात आडवे झाले. आधी हातांनी चाचपडत त्यांनी चारही साखळ्या सोडवल्या. मग काडी घेऊन टायरची हवा सोडू लागले. मला वाटलं, भ्रमिष्ट झाले. ज्या टायरसाठी एवढी उंच गाडी केली, तेच आता बसवायचे? हवेचा फुत्कार निघाला तसे बांधावरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. टायर हळूहळू ढेपाळले, त्यांची पोटं गोदक्काच्या पावलांसारखी दोन्ही बाजूंना पसरली. गाडीचं स्वतःचं पोट मात्र मातीला टेकलं नव्हतं, ते हुसेनसाबच्या उंचीचं पुण्य. अण्णा चढले, सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि इंजिन जेमतेम गुरगुरेल इतकंच ठेवलं. गाडी थरथरली. मग झोपेतून उठल्यासारखी खड्ड्यातून वर आली आणि मातीवरून, अगदी वरवरून, तात्यांच्या दाराकडे चालू लागली. आम्ही सगळे तिच्याबरोबर पायी.

दारात गाडी थांबली. तात्या मात्र आले नव्हते. ते शेतात चाकोरीपाशी वाकले होते. त्यांनी काठीचं टोक त्या रुंद पट्ट्यावरून फिरवलं, मग हाताने चाचपलं. गवताची पाती आडवी झाली होती, उपटली नव्हती. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि अण्णा गाडीच्या बाजूला, पायांपासून केसांपर्यंत काळे, हात बांधून उभे. कितीतरी वेळाने तात्या सरळ झाले.

"उकरलं नाही," ते म्हणाले. "दाबलंय फक्त." मग घराकडे वळून, "गोदे, तुझ्या भावाला पाट मांड. जेवूनच निघा."

निघताना अण्णा तिला उचलायला पुढे झाले. "बाजूला हो," गोदक्का म्हणाली. बसलेल्या टायरच्या फुगवट्यावर पाय देऊन ती आपली आपण चढली.  हळ्ळापाशी ती म्हणाली, "नारू, जरा थांबव रे." मागे वळून तिने कडलेकोप्पकडे पाहिलं. म्हणाली, "इतकी वर्षं त्या गावात राहते, पण ते एवढ्या उंचावरून कधी पाहिलं नव्हतं." ऊन पडलं होतं, पाऊसही पडत होता. खडीच्या रस्त्याला लागल्यावर टायरमध्ये परत हवा भरायची होती. हातपंप मारून मारून अण्णांचे आणि माझे हात गळाले, तेव्हा तिने पदर खोचून एका चाकाची हवा भरली. घरी वैनींनी ओवाळलं. मग झोक्याची कडी कितीतरी वेळ कुरकुरत राहिली आणि मी माडीवर ती ऐकत पडून राहिलो. इतकं समाधान मला दुसऱ्याच्या सुखाने फार थोड्या वेळा झालं आहे.

पुढच्या पंचमीलाही गोदक्का आली. त्यानंतरच्या वैशाखात ती गेली. आजार असा काही नव्हता. अण्णा दहाव्याला जाऊन आले, जीपवर जाड कापड टाकलं आणि दुकानात बसू लागले. गज हातात घेऊन आता ते बाहेर बघत नसत. मोजून कापड देत. बायका म्हणाल्या, अण्णा सुधारले. मला तो सुधारलेला माणूस पाहवत नव्हता.

श्रावणात माझी बदली झाली. चतुर्थीच्या सकाळी उठून पाहिलं तर जीपवरचं कापड घडी करून ठेवलेलं होतं आणि जीप नव्हती. वैनी उंड्या वळत होत्या. म्हणाल्या, "कुठे चाललात म्हणून विचारलं नाही मी. तुम्हीही विचारू नका."

पंचमीला तिसऱ्या प्रहरी माझा टांगा स्टेशनकडे निघाला. पेठेच्या तोंडाशी समोरून जीप आली, चिखलाने माखलेली. मी टांगा थांबवून खाली उतरलो. अण्णांच्या शेजारी तात्या बसले होते. पांढरा रुमाल डोक्याला, पाय अनवाणी, दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरलेली. मोटारीत ते उभ्या जन्मात पहिल्यांदाच बसले असावेत. मी अण्णांकडे पाहिलं.  तात्याच बोलले, माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत.

"भाऊ न्यायला आला," ते म्हणाले. "पंचमीच्या दिवशी माझ्या दारातून त्याची गाडी रिकामी कशी पाठवायची?"

 मी पुढे होऊन त्या म्हाताऱ्याच्या चिखलाने भरलेल्या पायांना हात लावला. अण्णांनी तात्यांच्या धोतराचा बाहेर लोंबणारा सोगा चाकापासून आत घेतला, नीट खोचला, आणि गाडी सावकाश घराकडे वळवली.